पृथ्वी उसवून भिंतीवर लावली

या, जरा जवळ सरका. दारात उभं राहून ऐकायची गोष्ट न्हाय ही. आणि आधी थोडी रागावून घेते, मग बोलू.

तुम्ही शिकली-सवरलेली माणसं ना, नकाशा दिसला की पहिलं काय करता? आपल्या गावावर बोट ठेवता. "हे बघ, आपण इथं" म्हणता आणि निघून जाता. बाकीच्या जगाकडं ढुंकूनसुद्धा बघत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत जा, भिंतीवरच्या महाराष्ट्रात मुंबई टवटवीत असते, नागपूर टवटवीत असतं, आणि धाराशिवच्या जागी रंग उडून खालचा चुना दिसत असतो. पोरांच्या बोटांनी जिल्हाच्या जिल्हा पुसून टाकलेला. ज्याच्यावर माया जास्त, तेच आधी झिजतं. मी त्या रस्त्यानं गेले की पिशवीतून ब्रश काढायचे आणि जिल्हा भरून यायचे. कुणी सांगायची वाट बघितली नाही.

मी शाळांच्या भिंती रंगवते. सरकारी भाषेत त्याला 'बोलक्या भिंती' म्हणतात. बाराखडी, पाढे, फुलाचे भाग, आणि नकाशे. इतर कामं दुसरेही करतात, पण नकाशा म्हटलं की मला बोलावणं यायचं. लोक मला 'नकाशावाल्या अक्का' म्हणतात. शिक्षण माझं सातवी. भूगोल मला कुणी शिकवला नाही, मी तो ब्रशनं गिरवत गेले.

तशी मी मूळची शिवणकामवाली. बाळंतविड्याचं शिवायचे, कुंच्या, टोपडी, झबली. रंगाचं काम आमच्या ह्यांचं. उमरग्याला हायवेच्या कडेला त्यांचं पेंटरचं दुकान होतं. ट्रकच्या पाठी, दवाखान्यांच्या पाट्या, धाब्यांचे बोर्ड, सगळं ह्यांच्या हातचं. एकदा शिडीवरून पडले आणि गुडघा कायमचा गेला. काम अर्धं राहिलेलं, गिऱ्हाईक दारात उभं. मी पदर खोचला आणि शिडी चढले. हे खाली खुर्ची टाकून बसले आणि ओरडायला लागले, "डावीकडं! अगं माझ्या डावीकडं!" तेव्हापासून मी वर आणि हे खाली, अशीच आमची जोडी. वर चढल्यावर नवऱ्याचं ऐकू न आल्याचं सोंग करता येतं, हा या धंद्यातला मोठा फायदा.

पुढं फ्लेक्स आले आणि पाट्यांचं काम गेलं. शाळांच्या भिंती मात्र राहिल्या, कारण फ्लेक्स शाळेत टिकत नाही. पोरं कोपरा धरतात आणि ओढतात.

नकाशा भिंतीवर कसा चढतो ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. दुकानात मिळतो तो कागदी तक्ता आणायचा. त्याच्यावर पेन्सिलीनं बारक्या चौकटी पाडायच्या. भिंतीवर तेवढ्याच, पण मोठ्या चौकटी पाडायच्या. त्या पट्टीनं पाडत बसलं तर आठवडा जाईल. गेरूत बुडवलेली सुतळी दोन खिळ्यांना ताणायची, मधून धरून सोडायची. फट्! सरळ लाल रेघ. मग तक्त्यावरच्या एका चौकटीत जे असेल तेच भिंतीवरच्या चौकटीत काढायचं. तिथं समुद्र आहे का डोंगर आहे, बघायचंच नाही. वेडीवाकडी रेघ बघायची आणि तशीच उतरवायची. मी कितीतरी देश असे काढलेत, ज्यांची नावं मला रंग वाळल्यावर कळली.

गिऱ्हाईकं तरी काय एकेक! एका सरपंचांनी हट्ट धरला, महाराष्ट्राच्या नकाशात आमचं गाव मुंबईएवढं दिसलं पाहिजे. मी म्हटलं, "दादा, मुंबई नाराज होईल." तर म्हणाले, "हूं दे की, ती कुठं बघाय येती?" काढला मोठा लाल ठिपका. आणि परंड्याकडच्या एका शाळेत भारताचा नकाशा काढताना नेमकी श्रीलंकेच्या जागी खिडकी आली. भिंत बदलायची तर दुसऱ्या भिंतीला ओल. शेवटी मी लंका खिडकीच्या झडपेवर काढली. झडप आत उघडते. त्यामुळं अजूनही त्या वर्गात गुरुजी म्हणतात, "पोरांनो, उजेड कमी आहे, लंका उघडा." पावसाची सर आली की सगळी पोरं ओरडतात, "लंका लावा, लंका लावा!"

आता खरी गोष्ट. एवढ्यासाठीच तर जवळ बोलावलं तुम्हाला.

उमरग्याच्या पुढं, कर्नाटकच्या शिवेला लागून एक गाव आहे. नाव सांगत नाही. तिथल्या शाळेला अठरा फूट लांब आणि दोन पुरुष उंच अशी मोकळी भिंत होती, खिडकी नाही, दार नाही, पोपडा नाही. अशी भिंत नशिबानं मिळते. मी तिथं जगाचा नकाशा काढला. माझ्या हातून झालेला सगळ्यात मोठा. समुद्राला निळ्या रंगाचे तीन हात दिले. काम झाल्यावर हे काठी टेकत दोनदा त्या भिंतीपुढून चालले आणि म्हणाले, "चांगलं झालंय." लग्नानंतर त्यांनी हे मला किती वेळा म्हटलं असेल, ते एका हाताच्या बोटांवर मोजता येतं.

पुढं जानेवारीत त्या शाळेला कुणीतरी पृथ्वीचा गोल भेट दिला. मोठा, चांगला, कलिंगडाएवढा. आणि शाळा समितीचे अध्यक्ष अण्णा, गावचे मोठे शेतकरी, हाताची घडी घालून गोलाकडं बघायचे आणि मग भिंतीकडं बघायचे. तिसऱ्या दिवशी हेडसरांचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"अक्का, तुम्ही एकदा येऊन जा. अण्णा म्हणतात नकाशा चुकला."

गेले. अण्णा भिंतीपुढंच उभे होते.

"या अक्का, बसा. पाणी घ्या. आणि सांगा, भारतावर तुमचा काय राग आहे?"

"माझा? कशाचा राग?"

"मग एवढा बारका का काढला? हे बघा." त्यांनी माझा हात धरून मला गोलाकडं नेलं. "इथं ग्रीनलँड बघा. भारत त्याच्यापेक्षा मोठा. आता भिंतीवर बघा. ग्रीनलँड केवढं मोठं? म्हशीएवढं! आणि भारत तिच्या पारडाएवढा. एकाच शाळेत दोन जगं? सव्वीस जानेवारीला साहेब येणार, झेंडावंदन करणार, आणि त्यांच्या पाठीमागं भारत बारका!"

मी गोलाकडं बघितलं. भिंतीकडं बघितलं. अण्णा खरं बोलत होते.

"आठ दिवस आहेत," अण्णा म्हणाले. "चुना आणून ठेवलाय. भिंत पांढरी करतो आणि छापील फ्लेक्स लावतो. आसपासच्या बाकीच्या शाळांनासुद्धा तेच सांगणार. तुमची मेहनत पाण्यात जाती, वाईट वाटतंय. पण चूक ती चूक."

चुन्याची पोती व्हरांड्यात थप्पी लावून ठेवलेली मी बघितली. कंत्राटदाराशी भांडले असते, सरपंचाशी भांडले असते. पण मला स्वतःलाच माहीत नव्हतं की मी बरोबर आहे का चूक. काय म्हणून भांडू?

"अण्णा," मी म्हटलं, "सहा दिवस चुन्याला हात लावू नका. मी चुकले असेन तर सातव्या दिवशी मी माझ्या हातानं भिंत पांढरी करते. तुमच्या गड्याला सांगायची गरज न्हाय."

"आणि न्हाय चुकला तर?"

"तर तुम्ही मला चहा पाजा."

"चहा आताच घ्या," अण्णा म्हणाले. माणूस वाईट नव्हता हो.

हेडसरांना सांगून मी तो गोल मागून घेतला. मांडीवर घेऊन काळीपिवळी जीपमध्ये बसले. शेजारी एक म्हातारी होती, ती म्हणाली, "यव्वा! सगळं जग घेऊन कुठं निघालीस?" मी म्हटलं, "घरी नेते. थोडं दुरुस्त करायचंय."

घरी आल्यावर पहिल्यांदा माझ्या चौकटी तपासल्या. तक्ता काढला, रेघ न् रेघ मोजली. तक्त्यात जसं तसंच भिंतीवर. माझा हात चुकला नव्हता. मग तक्ताच खोटा? शाळेत लावायला छापतात तो तक्ता खोटा? आणि तो खोटा असेल तर गेली बारा वर्षं मी शाळाशाळांतून काय रंगवत फिरले?

तेव्हा मला एक मुलगी आठवली. अणदूरच्या अलीकडच्या एका वस्तीवरची शाळा. मी शिडीवर, आणि ती खालून विचारत होती, "मावशी, हे वरचं पांढरं एवढं मोठं असतं का?" मला रंग वाळायच्या आत कड संपवायची होती. मी म्हटलं, "असतंय मोठं. गप बस." ती गप बसली. तिनं बरोबर तेच विचारलं होतं जे अण्णांनी विचारलं, अण्णांच्या कितीतरी आधी. अण्णांना मी सहा दिवस मागितले आणि त्या पोरीला एक मिनिट दिलं नाही. तिचं नावसुद्धा विचारलं नाही मी. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोलाला पातळ कागद गुंडाळून बघितला. कमरेपाशी छान बसला, वर-खाली चुण्याच चुण्या. दाबलं की फाटायचा. मग डोक्यात आलं, अगं, तू शिवणकामवाली ना? गोल डोक्याला सपाट कापड कसं बसवतेस? टोपड्याला कळ्या काढतेस की नाही?

मग काय, जुन्या धोतराचं कापड घेतलं आणि बारा कळ्या कापल्या. मधे फुगीर, दोन्हीकडं निमुळत्या. शिवल्या आणि गोलाला चड्डी चढवावी तसं ते चढवलं. वरच्या टोकाला दोन टाके घातले. कापडातून खालचे देश दिसत होते, ते पेननं गिरवले. भारत, आफ्रिका, ग्रीनलँड, सगळं. मग टाके उसवले आणि कळ्या जमिनीवर पसरल्या.

अहो, काय दिसलं सांगू! बारा फोडी ओळीनं. पोटाशी एकमेकींना चिकटलेल्या, आणि वर-खाली सगळ्यांची टोकं सुटलेली. मधे फटीच फटी. भारत एक-दीड कळीत नीट बसला होता. पण वर ग्रीनलँडचे तुकडे झाले होते आणि तुकड्यांच्या मधे घरातली फरशी दिसत होती.

हे खुर्चीवर बसून बघत होते. म्हणाले, "जगाचं ठिगळकाम चाललंय वाटतं."

"चेष्टा करू नका. या फटी भिंतीवर कशा दाखवू? शाळेच्या नकाशात अशा फटी असतात का कुठं?"

"मग ताण की कापड. दोन टोकं ओढ आणि जोड."

मी ओढून जोडलं. पोटाशी काही ओढायला लागलं नाही. जसजसं वर जाईन तसं जास्त ओढायला लागलं. अगदी वर तर टोक म्हणजे एक टाका, तो ओढून अख्ख्या कळीएवढा रुंद करायचा! आणि ग्रीनलँड जोडलं गेलं खरं, पण आडवं पसरून बसकं झालं. कुणी अंगावर बसल्यासारखं.

"हे असं न्हाय दिसत तक्त्यात," मी म्हटलं. "तक्त्यात उंच आहे."

आता माझ्या नवऱ्याची कमाल ऐका. भूगोलाचं पुस्तक त्या माणसानं जन्मात उघडलं नसेल. चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "अगं, हे तर पाटीचं काम आहे. तीन फुटाच्या बोर्डावर 'दवाखाना' लिहिलाय. डॉक्टर म्हणतो, बोर्ड पाच फुटाचा झाला, सगळा भर. आता अक्षर नुसतं आडवं ताणलंस तर काय होतं? चिरडल्यासारखं दिसतं. अक्षराचा चेहरा टिकवायचा तर जेवढं आडवं तेवढंच उभं ताणायचं. ग्रीनलँडला दोन्हीकडनं ताणलंय त्या तक्तेवाल्यानं. चेहरा टिकला, अंग वाढलं."

मी कळीचं टोक जेवढं आडवं ओढलं होतं तेवढंच उभं ओढून बघितलं.

"आणि उंची वाढवायला जागा नसली तर?"

"मग बसकं लिहायचं. उलट, जेवढं रुंद केलं तेवढी उंची कापायची. रंग तेवढाच लागतो, पण चेहरा बिघडतो. दोन्ही एकदम न्हाय मिळत. तीस वर्षं बोर्ड लिहिलेत, कधी मिळालं न्हाय."

मग आम्ही तक्ता परत जमिनीवर पसरला आणि ह्यांनी भिंग घेऊन कोपरा न् कोपरा बघितला. अगदी खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात एक ओळ होती. 'प्रक्षेपण: मर्केटर.' ती ओळ मी बारा वर्षं बघत आले होते. आणि बारा वर्षं दरवेळी गाळत आले होते! भिंतीवर एवढं बारीक लिहिता येत नाही म्हणून त्या जागी मी 'सौजन्य: ग्रामपंचायत' आणि खाली पेंटरचं नाव टाकायचे. माझ्या ओळखीचा एकही भिंत रंगवणारा ती ओळ घेत नाही. ज्या ओळीत सगळं लिहून ठेवलं होतं, तीच खोडून आम्ही आमची नावं लिहीत होतो. मला एवढं हसू फुटलं की हे घाबरले.

हेडसरांना फोन लावला. "सर, प्रक्षेपण म्हणजे काय हो?"

सरांचा आवाज पहिल्यांदाच मोठा झाला. "अहो अक्का! गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची रीत म्हणजे प्रक्षेपण! अशा पुष्कळ रीती आहेत. एकीत देशांचं रूप खरं राहतं, एकीत मोठेपणा खरा राहतो, सगळं एकात कधीच राहत नाही. मर्केटर जहाजवाल्यांची रीत. त्या नकाशावर सरळ रेघ ओढली की होकायंत्राची दिशा तीच धरून जाता येतं, म्हणून त्यांना सोयीची."

"हे तुम्हाला ठाऊक होतं तर अण्णांना का न्हाय सांगितलं?"

"अण्णांना," सर परत बारीक आवाजात म्हणाले, "सांगायचं कुणी?"

ठरलं मग. सातव्या दिवशी सकाळी प्रार्थना झाल्यावर मी गोल, कळ्या आणि एक मोठं ताट घेऊन शाळेच्या पटांगणात हजर. वाटलं होतं अण्णा आणि सर असतील. बघते तर अर्धं गाव. बायका तर पुढंच बसलेल्या. चुन्याची पोती भिंतीपाशी आणून ठेवलेली. भिंतीकडं बघितलं आणि मनात म्हटलं, आज एक तर तू राहतेस, न्हाईतर मी माझ्या हातानं तुला पुसते.

कळ्या परत शिवून चढवलेला गोल वर धरला. सगळ्यांसमोर टाके उसवले आणि कळ्या सतरंजीवर पसरल्या.

"अण्णा, ह्या फटी बघा. गोल गोष्ट सपाट केली की ती फाटते न्हायतर ताणते. तिसरा मार्ग न्हाय."

"का न्हाय?" अण्णा म्हणाले. "नीट दाबून सपाट करायची."

मागून एक बाई म्हणाली, "अण्णा, कधी भाकरी थापलीय का? गोळा दाबला की कडा फाटत्यातच."

"ह्यांनी? थापायची कशाला, ह्यांनी फक्त मोडलीय," अण्णांच्या बायको महादेवीकाकू बोलल्या आणि बायकांत हशा उसळला.

अण्णा हसले, पण हटले नाहीत. "म्हणजे खरा नकाशा न्हाईच?"

"न्हाई. खरा फक्त गोळा."

"मग गोळाच ठेवा. भिंत कशाला?"

"गोळ्याची मागची बाजू कोण बघणार? साठ पोरं एकदम गोळ्याभोवती उभी राहतील का? भिंतीवर सगळं जग एका नजरेत दिसतं. त्याच्यासाठी थोडं ताणावं लागतं."

"थोडं? म्हशीएवढं!"

"आता किती ते मोजू. कुणाची बांगडी द्या बघू. माझ्या हातातली निघत न्हाय."

महादेवीकाकूंनी आपल्या हातातली हिरवी बांगडी मूठ दाबून काढली आणि म्हणाल्या, "घे गं. ह्यांची नजर सरळ झाली तर बांगडी परत मागणार न्हाय."

गोलावर भारतावर बांगडी ठेवली. भारत सगळ्या बाजूंनी बाहेर डोकावला. तीच बांगडी ग्रीनलँडवर ठेवली. उंचीत कसंबसं मावलं, आणि दोन्ही बाजूंना जागा उरली. "बघा अण्णा, बांगडी एकच. आता हीच बांगडी भिंतीवर कशी दिसते ते दाखवते."

मी खडू घेऊन शिडी चढले. कुठं किती मोठा गोल काढायचा, ते घरी गोल आणि तक्ता मोजून दोरीला गाठी मारून आणलं होतं. विषुववृत्तावर, आफ्रिकेच्या पोटात, ताट ठेवून गोल काढला. "इथं बांगडी ताटाएवढी." भारतावर जराशी मोठी, ताटाबाहेर दोन बोटं. युरोपात दोरी घेऊन काढली. "इथं परातीएवढी झाली." आणि ग्रीनलँडवर दोरी सोडत सोडत काढली, ती केवढी झाली? बैलगाडीच्या चाकाएवढी! गोलावरची तीच एक बांगडी, हां.

अण्णा उठले आणि भिंतीपाशी आले. ताटाच्या गोलाला हात लावला. मग हात वर करून चाकाच्या गोलाला लावायचा प्रयत्न केला, पोचेना.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "भारत बारका न्हाय. ते वरचं फुगवून दाखवलंय."

"हां."

"आणि जिथं गोल जेवढा मोठा, तिथं तेवढं फुगवलेलं."

"हां अण्णा."

"म्हणजे रशियासुद्धा?"

"रशियासुद्धा. कॅनडासुद्धा."

अण्णा गावाकडं वळले. चेहरा असा, की जणू त्यांनीच शोध लावला. "ऐका रे! मोठी दिसणारी सगळीच मोठी नसत्यात!"

"हे मी लग्नापासून म्हणतीय," महादेवीकाकू म्हणाल्या.

काय हसलं गाव! हेडसर तर डोळे पुसत होते. आणि अण्णांनी पहिला हुकूम सोडला, "ते गोल पुसू नका. खडूचे न्हाय, रंगाचे करा. पिवळे. लांबून दिसले पाहिजेत." दुसरा हुकूम माझ्यासाठी चहाचा. आणि तिसरा चुन्याचा. ती पोती त्यांनी शाळेच्या आवारातल्या लिंबाच्या बुंध्यांना वापरायला लावली. सव्वीस जानेवारीला झाडं अशी पांढरीशुभ्र दिसत होती, जशी धुतलेले पायजमे घालून रांगेत उभी.

भिंतीच्या खाली आमच्या ह्यांनी स्वतः एक ओळ लिहिली. बसून लिहिता येईल एवढ्या उंचीवर, अक्षरं वीतभर मोठी. 'हा नकाशा देशांचं रूप खरं दाखवतो, मोठेपणा नाही. पिवळे गोल बघा. सगळे गोल खरे तर सारखेच आहेत.' ग्रामपंचायतीचं सौजन्य आणि पेंटरचं नाव त्या दिवशी राहूनच गेलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

झेंडावंदन झाल्यावर आलेल्या साहेबांना अण्णांनी भिंतीसमोर धरून ठेवलं. ताट, परात, चाक, सगळं सांगितलं. साहेबांनी विचारलं, "ही कल्पना कुणाची?" अण्णा म्हणाले, "आमच्या घरच्या बांगडीची." मी मागं उभी होते. मला त्याचं काही वाटलं नाही. मला एवढंच वाटत होतं की भिंत राहिली.

आता तुम्ही म्हणाल, संपली गोष्ट. कामाची गोष्ट अशी संपत नाही बघा. त्या दिवसापासून मला माझे जुने नकाशे झोपू देईनात. जिथं जिथं जगाचा नकाशा काढला, तिथं परत जाते आणि पिवळे गोल भरते. काही शाळांत भिंत आधीच पांढरी झालेली असते, तिथं नुसता हात लावून परत येते. अणदूरकडच्या त्या वस्तीच्या शाळेत गेले तेव्हा मात्र नकाशा जागेवर होता. गोल काढत असताना पोरांनी विचारलं, "मावशी, हे काय?" मी ब्रश खाली ठेवला, शिडी उतरले, आणि सगळं सांगितलं. कड वाळून गेली तर गेली.

अण्णा हल्ली कुणी पाहुणा आला की आधी भिंतीकडं नेतात, मग घरी. सांगताना थोडं चुकवतात. परवा एका पाव्हण्याला सांगत होते की पृथ्वीला बारा कळ्या असतात. मी म्हटलं, "अण्णा, कळ्या माझ्या होत्या, पृथ्वीच्या न्हाय." तर म्हणाले, "अक्का, तुम्ही आता मला शिकवू नका."

तर एकदा या की आमच्याकडं. उमरग्याला उतरलात की कुणालाही 'नकाशावाल्या अक्का' विचारा, घरापर्यंत आणून सोडतील. जेवण करू, हे बसल्या बसल्या तुम्हाला चार पाट्यांच्या गोष्टी सांगतील, आणि मग मी तुम्हाला त्या भिंतीपाशी घेऊन जाईन. महादेवीकाकू तुम्हाला जेवल्याशिवाय सोडणार नाहीत, म्हणून आमच्याकडं जरा कमीच जेवा. पण पुढच्या वर्षी येतो, बघू, असलं काही सांगू नका. भिंत पश्चिमेकडं तोंड करून आहे. दुपारनंतरचं सगळं ऊन ती एकटी खाते. वरचं ग्रीनलँड पन्हाळीच्या सावलीत मजेत आहे, पण आफ्रिका फिकी पडायला लागलीय आणि ताटाचा गोल आता शोधावा लागतो. माझे गुडघे आहेत तोवर मी तो परत भरीन. तुम्ही तेवढं लवकर या.